दूध पितो ना?

आठ महिन्यांनी लेकीकडे आलेल्या आजींनी दारातच नातवाला कडेवर घेतलं आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हा असा पांढराफटक का दिसतोय गं?" लेक म्हणाली, "अगं, बापावर गेलाय. गोराच आहे तो." आजींनी दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओपीडीत पहिला नंबर त्यांचा होता. लेक-जावई मागे उभे, थोडे अवघडलेले. आजींच्या हट्टापायी आपण उगाच डॉक्टरचा वेळ घेतोय, असं दोघांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

मुलाला मी लगेच ओळखलं. जन्मापासून लसींसाठी माझ्याकडेच येणारा, सतरा महिन्यांचा गब्दुल. दंडाला वळ्या, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. बाहेर बाकीची पोरं बाकांवर चढत होती, एक जण वजनकाट्यावर उड्या मारत होता. हा बापाच्या खांद्यावर गाल टेकून शांत पडून होता.

"काय त्रास होतोय?"

"तसा काहीच नाही," आई म्हणाली. "आईलाच उगाच वाटतंय..."

"चालत नाही तो," आजींनी मध्येच तोडलं. "चार पावलं टाकतो की फतकल मारून बसतो. आणि कुंडीतली माती खातो."

"सगळीच मुलं खातात हो माती," बाबा म्हणाले.

"चिमूटभर खातात. हा मूठ भरून खातो. हात धुतला तर रडतो आणि परत कुंडीकडे जातो."

मुलं तपासताना पालकांच्या तक्रारीला मी एक कान देते, पण आजीच्या तक्रारीला दोन्ही. आजीला सगळं कळतं असं नाही. पण आठ महिन्यांनी बघणाऱ्याला जे दिसतं ते रोज बघणाऱ्याला दिसत नाही. रंग एका दिवसात उतरत नाही. आज कालच्यासारखाच दिसतो, काल परवासारखाच. असं करत करत आपण कुठे येऊन पोचलो ते घरातल्या कुणालाच कळत नाही.

खालची पापणी ओढून पाहिली. आत गुलाबी कडा दिसायला हवी तिथे पांढुरकं. मग त्याचा तळहात माझ्या तळहाताशेजारी धरला. हे मी आईच्या हाताशी लावून करत नाही, कारण आईचंच रक्त कमी असेल तर दोन्ही हात सारखेच फिके दिसतात आणि आपण फसतो. त्याचा तळवा मेणासारखा होता. बोटं मागे ताणून रेघांमध्ये पाहिलं, तिथेही लाली नाही. नाडी मिनिटाला १६४, आणि तीही तो शांत बसलेला असताना. श्वास जरा भरभर. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर ठोक्यांच्या मध्ये फुंकर मारल्यासारखा आवाज. पातळ झालेलं रक्त जोरात ढकलावं लागतं तेव्हा असा येतो. यकृत दोन बोटं खाली उतरलेलं.

तेव्हा मी त्याची फाइल उघडली. दोन महिन्यांपूर्वीची नोंद, अक्षर माझंच. "वय १५ महिने. वजन ११.८. दूध पितो. लस दिली. छान."

त्या 'छान'कडे मी जरा वेळ बघत राहिले.

रक्त घेताना सिस्टर काहीच बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. नळीत उतरणारं रक्त गडद नव्हतं, पाणी घातलेल्या सरबतासारखं होतं. वीस मिनिटांत लॅबमधून फोन.

"मॅडम, सलाईन लावलेल्या हातातून काढलंय का सॅम्पल?"

"सलाईन लावलेलंच नाहीये."

"मग परत पाठवता का एकदा? जे आलंय ते काही खरं वाटत नाही."

परत पाठवलं. परत तेच आलं. हिमोग्लोबिन ३.४.

ज्यांना या आकड्याची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ६ ते २३ महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणायचा, दोन ते पाच वर्षांच्या मुलात ११ च्या खाली. ७ च्या खाली तीव्र. आणि हा गब्दुल ३.४ वर खुर्चीत बसून माझ्या पेनाचं टोपण चोखत होता. अपघातात रक्त वाहून एखादा माणूस तासाभरात या आकड्यावर आला असता तर तो बसलेला दिसला नसता. पण हे महिनोन् महिने हळूहळू उतरलेलं. शरीर तेवढ्या काळात जुळवून घेतं. हृदय जोरात पळतं, रक्तातल्या लाल पेशी त्यांच्याकडचा प्राणवायू जरा सैल हाताने सोडायला लागतात, आणि मूल खर्च कमी करतं. पळत नाही, चढत नाही, फार रडतही नाही. घरचे म्हणतात, "किती गुणी आहे, अजिबात त्रास देत नाही." त्याच्या आईने मला हे वाक्य पंधराव्या महिन्याच्या लसीला ऐकवलं होतं, आणि मी हसून मान डोलावली होती.

आता कारण शोधायचं. आई-बाबांना बसवलं. "दिवसभरात काय काय खातो ते सांगा."

"खातो तसं," आई म्हणाली. "म्हणजे... चमचाभर. तोंड फिरवतो. पण दूध व्यवस्थित पितो, त्यामुळे काळजी नाही."

"किती पितो?"

हा प्रश्न मी याआधी विचारला नव्हता. प्रत्येक भेटीत "दूध पितो ना?" विचारलं होतं, उत्तर "हो" यायचं आणि मी पुढे जायचे. 'ना' लावून विचारलेल्या प्रश्नाला दुसरं उत्तर येणार तरी काय?

"सकाळी उठल्यावर एक बाटली आणि झोपताना एक," आई म्हणाली.

"रात्री रडला की मी देतो एक," बाबा म्हणाले.

आईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "रोज?"

"तू झोपलेली असतेस."

दिवसा त्याला सांभाळायला एक मावशी येतात. त्यांना तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. मावशी मोकळेपणाने म्हणाल्या, "तीन बाटल्या होतात की. सकाळची, दुपारची, आणि तुम्ही यायच्या आधीची. भरवायला गेलं की थुंकतो, मग उपाशी कसं ठेवायचं लेकराला?" बाटली कितीची? २४० मिलिलिटरची. मी कागदावर बेरीज केली. सहा बाटल्या, १४४० मिलिलिटर. जवळजवळ दीड लिटर.

खोलीत कुणी काही बोललं नाही. या घरात कुणीच मुलाला जास्त दूध देत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने बेताचंच देत होता. बेरीज तेवढी कुणाकडे नव्हती.

दीड लिटर दुधातून साधारण नऊशे-साडेनऊशे कॅलरी मिळतात. एवढ्या मुलाला दिवसभरात लागतात त्याही जवळपास तेवढ्याच. पोट भरलेलं, वजन झकास, मग तो डाळ का खाईल, अंडं का खाईल? आणि दुधात लोह जवळजवळ नाहीच. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, त्यातलंही जेमतेम दहावा हिस्सा अंगी लागतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आहारातून रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह मिळायला हवं, याला दुधातून पाऊणही मिळत नव्हतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसिन बाकीच्या अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. आणि लहान बाळांच्या, विशेषतः वर्षाच्या आतल्या बाळांच्या आतड्यातून गाईच्या दुधामुळे रक्त झिरपतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण रोज. म्हणून तर पहिल्या वाढदिवसाआधी गाईचं दूध मुख्य पेय म्हणून द्यायचं नाही, आणि नंतरही दिवसाला अर्धा लिटर, फार तर सहाशे-सातशे मिलिलिटरच्या वर जायचं नाही. याचं नवव्या महिन्यापासून सुरू होतं. शी तपासायला पाठवली, तिच्यात रक्ताचा अंश आलाच.

पण नुसतं दूध म्हणून सोडून देता येत नाही. ३.४ पर्यंत जायला एकामागून एक दारं उघडी राहावी लागतात. मी फाइल मागे मागे चाळत गेले. हा पस्तिसाव्या आठवड्यात जन्मलेला. बाळाच्या अंगातला लोहाचा साठा आईकडून भरला जातो तो मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे पाच आठवडे आधी आलेला हा अर्धवट भरलेली शिदोरी घेऊनच आला. नाळ एखाद-दोन मिनिटं थांबून कापली तर बाळाला वारेतलं बरंच रक्त मिळतं आणि त्यासोबत लोहही. याच्या वेळी गडबड होती, लगेच कापली असं कागदावर होतं. पूर्ण दिवसांच्या बाळाची शिदोरी चार ते सहा महिने पुरते, याची त्याआधीच संपणार. म्हणून घरी जाताना लोहाचे थेंब लिहून दिले होते, वर्षाचा होईपर्यंत द्यायचे म्हणून. चौथ्या महिन्यात बद्धकोष्ठ झालं, कपड्यांना डाग पडायला लागले, थेंब बंद. पुढच्या तीन भेटींत मी नोंद केली होती, "ड्रॉप्स चालू ठेवणे." चालू आहेत का, हे विचारल्याची नोंद कुठेच नाही. सहाव्या महिन्यानंतर आईच्या दुधाबरोबर लोह असलेलं वरचं अन्न सुरू व्हायला हवं होतं. तिथे आलं फळाचा गर आणि पातळ पेज. आईच्या दुधातलं लोह छान शोषलं जातं, पण असतं मुळात थोडं. आणि पहिल्या वर्षात मूल वजन तिप्पट करतं, तेवढं रक्तही वाढवावं लागतं. जमा कमी, खर्च भरपूर.

बाराव्या महिन्याच्या आसपास एकदा हिमोग्लोबिन बघावं, हे मला पाठ आहे. त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती, तो रडत होता, वजन उत्तम होतं. 'पुढच्या वेळी बघू' असं मी स्वतःशी म्हटलं असणार. फाइलमध्ये तेही नाही.

रक्तक्षय म्हटलं की आपल्या नजरेसमोर हाडं दिसणारं, पोट सुटलेलं मूल येतं. अशी मुलं असतात, फार असतात. २०१९ च्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता, आणि त्यातली बहुतेक गरिबीतली, अपुऱ्या अन्नातली, जंतांची, वारंवार तापाची, मलेरियाची. पण त्या चित्रामुळेच गुबगुबीत पोर आपल्या हातून निसटतं. वजनाचा आलेख वर जात असला की डॉक्टरचा हात आपोआप पुढच्या फाइलकडे जातो. माझा गेला.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी मी स्वतः पाहिल्या. लहान लहान, मधोमध एवढ्या फिक्या की नुसती कड तेवढी दिसावी, बांगडीसारखी. काही लांबट, पेन्सिलीसारख्या. पेशींचं सरासरी आकारमान ५२, लाल पेशी २६ लाख, म्हणजे २.६ दशलक्ष. आकारमानाला पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागायचं, ही जुनी युक्ती. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असण्याकडे संशय झुकतो, वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. इथे आलं २०. नुसत्या भागाकारावर कुणी निदान करत नाही, पण दिशा कळते.

आता खरी कसरत. बाबा एव्हाना दारात उभे होते, बाही वर सरकवलेली. "माझं घ्या. पूर्ण बाटली भरा. लगेच."

एवढं कमी रक्त, तर पटकन भरा, हे कुणालाही वाटेल. पण नेमकं तेच करायचं नसतं. या मुलाच्या नसांमध्ये पाणी कमी नव्हतं, लाल पेशी कमी होत्या. हृदय आधीच दुप्पट काम करून थकायच्या बेतात होतं, त्यात भरभर रक्त ओतलं तर ते कोलमडतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. त्यामुळे किलोमागे फक्त ५ मिलिलिटर घट्ट लाल पेशी, त्याही चार तासांत. त्याचं वजन १२.२, म्हणजे ६० मिलिलिटर. त्याच्या एका बाटलीचा चौथा हिस्सा. तासाला १५. बाबांना तो आकडा पटेना. मी त्यांना सांगितलं, तुमचं मूल बरेच महिने घसरत खाली आलंय, त्याला उचलून छतावर ठेवायचं नाही, एक एक पायरी चढवायची. बाही खाली आली, पण चेहऱ्यावरचं काही हललं नाही.

आणि त्याआधी आणखी एकदा सुई. दुसऱ्याचं रक्त आत गेलं की तपासण्या गढूळ होतात, मग काय त्याचं आणि काय उसनं हे कळत नाही. म्हणून लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थॅलेसेमियाची तपासणी, बी-१२, आणि माती खातो म्हणून शिसंही, सगळ्याचं रक्त आधीच काढून ठेवायचं. लोह कमी असलं की आतडं शिसंही जास्त ओढून घेतं, आणि माती, जुन्या रंगाचे पोपडे तोंडात घालणाऱ्या मुलाला ते मिळायला वेळ लागत नाही. ज्या मुलाकडे आधीच रक्त नाही त्याच्याकडूनच अजून चार नळ्या काढताना सिस्टरांचा हात अडखळला. मी म्हटलं, लहान नळ्या घ्या, लागेल तेवढंच. शिसं सुदैवाने नव्हतं. फेरिटिन नंतर आलं, २. त्या वयात १२ च्या खाली म्हणजे कोठार रिकामं.

दुपारी पावणेदोनला पहिला थेंब गेला. पहिला तास मी खाटेजवळच बसले. दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, ताप. थोड्या वेळाने बाबा माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, दूध पितो ना म्हणून. आम्ही हो म्हणालो. तुम्ही छान म्हणालात."

"हो."

"मग आम्ही रात्रीचीही एक द्यायला लागलो."

ते रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "मी 'किती' विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आणि रक्तही तपासायला हवं होतं." ते काही बोलले नाहीत. मग पाच मिनिटांनी म्हणाले, "आता नाडी किती आहे?" १५२ होती. एवढंच बोलणं झालं आमचं त्या विषयावर, त्या दिवशी आणि नंतरही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पिशवी संपली. फार काही चमत्कार दिसला नाही. ओठांना किंचित रंग आल्यासारखा वाटला, कदाचित दिव्याचाही असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच दिलं, हिमोग्लोबिन ५.८ वर आलं आणि तिथे रक्त थांबवलं. पुढचं काम लोहाचं. किलोमागे ३ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, दोन जेवणांच्या मध्ये, दुधाबरोबर मुळीच नाही, संत्र्याच्या चार फोडींबरोबर चालेल. बाबांनी विचारलं, "बीट देऊ का? रक्तासाठी?" बीट लाल असतं एवढंच त्याचं आणि रक्ताचं नातं, लोह त्यात फारसं नाही. आवडीने खात असेल तर द्या, पण औषध म्हणून नको. हा लाल रंगाचा समज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्यावर हसू येत नाही.

दूध बंद करायचं नव्हतं, कमी करायचं होतं. सहा बाटल्यांवरून पेल्याने दोन वेळा. बाटली पूर्ण बंद. आजी म्हणाल्या, "बाटल्या मी आजच फेकते." आईचा चेहरा उतरला. रात्री तो बाटलीशिवाय झोपत नाही, हे तिला माहीत होतं. आजी थोड्या दिवसांनी परत जाणार होत्या, ती नाही.

पहिल्या रात्री दहाच्या सुमारास मी वॉर्डात डोकावले तेव्हा आई जागी होती. मूल झोपलेलं. तिने विचारलं, "याच्या डोक्यावर परिणाम झाला असेल का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. लहानपणी मेंदू वेगाने बांधला जात असतो, आणि त्या बांधकामाला लोह लागतं, मज्जातंतूंच्या आवरणाला, डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या कामाला. बेट्सी लोझॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बाळपणी तीव्र आणि दीर्घकाळ लोह कमी राहिलेली मुलं, उपचार मिळूनसुद्धा, अकरा ते चौदा वर्षांची झाली तेव्हाही चाचण्यांमध्ये मागे होती. हे मला ठाऊक आहे. हेही ठाऊक आहे की तो सगळ्या मुलांचा सरासरी हिशेब असतो, एका खाटेवरच्या एका मुलाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. मी तिला म्हटलं, "लोह भरून काढणं आपल्या हातात आहे, ते आजपासून सुरू झालंय. त्याच्याशी बोला, खेळा, आणि वाढीच्या तपासण्यांना न चुकता या. काही मागे दिसलं तर लगेच कामाला लागू." खोटं काही बोलले नाही. पण सगळंही सांगितलं नाही. घरी जाताना गाडीत बराच वेळ तेच डोक्यात होतं.

घरी गेल्यावर चौथ्या रात्री साडेअकराला बाबांचा फोन. "डॉक्टर, शी काळीकुट्ट झालीय. आतून रक्त जातंय का?" लोहाने शी काळी होते हे मी सांगायला विसरले होते. वीस वर्षं हे काम करते, आणि दर महिन्याला कुणाला तरी हे सांगायचं राहतंच. दात काळे पडू नयेत म्हणून थेंब जिभेवर मागे सोडा, नंतर पाणी पाजा, हे मात्र सांगितलं होतं.

आठव्या दिवशी रक्त पुन्हा पाहिलं. कोवळ्या लाल पेशी ९ टक्क्यांवर. अस्थिमज्जेला कच्चा माल मिळाला की ती कशी तुटून पडते ते या आकड्यात दिसतं. हिमोग्लोबिन अजून सातच्या आसपास होतं. पण आई म्हणाली ते जास्त महत्त्वाचं: तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच तो कुंडीकडे फिरकेनासा झाला होता आणि चिडचिड करायला लागला होता. म्हणजे आधीसारखी किरकिर नाही, हट्टाची. त्याला हवं ते मागायचा आणि नाही मिळालं तर पाय आपटायचा. लोह मिळाल्यावर मुलाचा स्वभाव रक्ताच्या आधी बदलतो, हे मी वाचलंही आहे आणि बघितलंही आहे. पाय आपटायलाही ताकद लागते.

खाण्याची कथा इतकी सरळ गेली नाही. पहिले दहा दिवस त्याने जवळजवळ काहीच खाल्लं नाही. वजन ३०० ग्रॅमने उतरलं आणि आईचा धीर सुटला. मावशींनी दोनदा चोरून दूध दिलं, त्यांनी स्वतःच कबूल केलं. बरोबर होतं त्यांचं, दिवसभर रडणं त्यांनाच ऐकावं लागत होतं. मग एके दिवशी त्याने बाबांच्या ताटातली उसळ उचलून तोंडात घातली. का, ते कुणालाच कळलं नाही.

तीन महिन्यांनी ते तिघं आले तेव्हा हिमोग्लोबिन ११.६ होतं. बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "मग आता थेंब बंद?"

"अजून दोन महिने. रक्त भरलंय, कोठार भरायचंय."

"पण नॉर्मल तर आलंय."

मी समजावत होते तोवर मुलाने माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला होता आणि एक एक वस्तू बाहेर फेकत होता. जीभ दाबायच्या पट्ट्या, टेप, जुने शिक्के. आई दमल्यासारखी म्हणाली, "दिवसभर हेच चालतं. आधी किती शांत होता." आणि लगेच माझ्याकडे बघून ओठ दाबले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, आजींचा. आज दाखवायचं आहे हे त्यांना माहीत होतं. "रिपोर्ट नको सांगूस, हात दाखव त्याचा," त्या म्हणाल्या. बाबांनी त्याला धरून त्याची मूठ सोडवली. त्याला शिक्का सोडायचा नव्हता. तळहात कॅमेऱ्यासमोर नेला. पलीकडे आजींनी आपला तळहात वर केला, शेजारी धरल्यासारखा, आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"असं नाही दिसत," आजी म्हणाल्या. "जरा उजेडात धर."